मीठ, मोह आणि तेल



सरकारी अंदाजपत्रकाचा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने कशाला घ्यावा, असा प्रश्न व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एकदोघांनी आम्हांस केला. प्रश्न रास्त आहे. आम्ही अर्थशास्त्र कोणत्याही कॉलेजात शिकलो नाही. जे काही शिकलो ते एका कारखान्याच्या हिशेबखात्यातील वृद्ध कारकुनाजवळ, पाळी सुटल्यावर, चहाच्या टपरीवर बसून. पगारवाढीची मागणी करावयाची तर मालकाचा ताळेबंद वाचता आला पाहिजे, म्हणून त्याने आम्हांस तो वाचावयास शिकविले. तो म्हणे, "खर्चाची बाजू सगळेच वाचतात. तू जमेची बाजू वाच. घर कोणाच्या जिवावर चालते ते तिथे कळते." ही शिकवण पुढे आम्ही सरकारच्या ताळेबंदालाही लावून पाहिली. आज जे सांगणार आहोत ते तेवढ्याच भांडवलावर.

आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उरणजवळ पिरवाडी म्हणून जागा आहे. तेथे संध्याकाळी उभे राहिले की एका बाजूस समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूस तेल व वायू शुद्ध करणाऱ्या कारखान्याच्या धुराड्यावरची ज्योत दिसते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेस, भर समुद्रातून निघालेले तेल आणि वायू नळांतून येथे किनाऱ्याला लागतात. त्यातले तेल पुढे माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांना जाते, वायू तुर्भ्याच्या आणि अलिबागजवळच्या थळच्या खतकारखान्यांना. उरणचेच वायूवर चालणारे वीजकेंद्र ६७२ मेगावॅटचे आहे. ही ज्योत पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांना वाटते की येथला मोठा पैका गेल्या पन्नास वर्षांतला. तसे नाही. या किनाऱ्यावरून सरकारी खजिन्यात पैका वाहून नेण्याचा प्रघात फार जुना आहे. तेलाच्या आधी दारू होती आणि दारूच्या आधी मीठ.

मिठापासून आरंभ करू. उरण, पेण, पनवेल या टापूत खाजणे बांधून मीठ पिकविणे हा आगरी लोकांचा पिढीजात धंदा. आगर या शब्दावरूनच त्यांचे नाव पडले असे म्हणतात. भरतीचे पाणी बांधाआड घ्यावे, कोंडीकोंडीतून फिरवावे, उन्हाने आटवावे आणि फळ्यांनी ओढून ढीग घालावे. भांडवल म्हणाल तर ऊन, वारा आणि माणसाचे पाय. मिठाने फाटलेले ते पाय आम्ही लहानपणी पाहिले आहेत. या मिठावर इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात १८३७ साली मणामागे आठ आणे कर बसविला. १८४४ मध्ये तो एकदम रुपया करावयास निघाले तेव्हा सुरतेत दंगा उसळला आणि तडजोड म्हणून बारा आण्यांवर आले. पुढची चढण मात्र कोणी रोखली नाही. १८५७ च्या बंडाचा खर्च अंगावर येताच १८५९ साली रुपया झाला, १८६१ साली सवा रुपया, १८६५ साली दीड, १८६९ साली एक रुपया तेरा आणे, आणि १८७७ साली अडीच रुपये! आगरावर मणभर मीठ तयार होण्यास पडत होते काही आणे. त्यावर कर अडीच रुपये. १८७६ ते ७८ हा दख्खनमधल्या मोठ्या दुष्काळाचा काळ, हेही येथेच लक्षात ठेवावे.

हा कर वाढला तो मिठाच्या धंद्यात काही घडले म्हणून नव्हे. १८८२ साली तो दोन रुपयांवर आणला होता. १८८८ मध्ये पुन्हा अडीच केला. का? तर वरच्या ब्रह्मदेशातील मोहिमेचा खर्च निघेना आणि रुपयाचा विलायती भाव घसरत चाललेला. मंडालेला पलटण जावयाची आणि तिचा खर्च पेणच्या बाईच्या भाकरीतून निघावयाचा! जमीनमहसूल एकदा ठरला की तीस वर्षे हलत नसे, प्राप्तिकर लावावा तर साहेब लोक आणि व्यापारी ओरडत, विलायती कापडावर जकात ठेवावी तर मँचेस्टर डोळे वटारी. उरले मीठ. ते सर्वांना लागते, त्याला पर्याय नाही आणि ते खाणाऱ्याला सभेत उभे राहून बोलता येत नाही. कर गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचा जिन्नस कोणता?

सोयीचा महसूल गोळा करावयाचा तर पहारा पाहिजे. १८७३ आणि १८९० च्या कायद्यांनी मिठावर परवाने आणि चौक्या आल्या. पहारा ठेवण्यास अवघड अशी लहान आगरे बंद करून उत्पादन थोड्या मोठ्या जागी गोळा करण्यात आले. या व्यवस्थेचा कर्ता चार्ल्स प्रिचर्ड नावाचा अधिकारी. मुंबईच्या १८७८ च्या अबकारी कायद्यामागेही हेच गृहस्थ होते आणि पुढे जकात, मीठ, अफू आणि अबकारी ही चारही खाती एकाच कमिशनरच्या हाताखाली असत. एकाच कचेरीत, एकाच शिक्क्याने मीठ, अफू आणि दारू यांची जमा लिहिली जाई. त्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नात जमीनमहसुलाच्या खालोखाल अफू आणि मीठ हीच दोन मोठी कलमे होती.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ च्या आपल्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणात नेमके या जमेच्या बाजूवर बोट ठेवले. सरकारजवळ दरसाल शिल्लक उरते, ती प्रजेच्या भरभराटीची खूण नसून प्रजेकडून गरजेपेक्षा जास्त घेतले जात असल्याची खूण आहे, असे त्यांचे म्हणणे. मिठाचा कर कमी करा अशी त्यांची मागणी होती. १९०३ साली तो दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक. आणि कर उतरला तसतसा मिठाचा खप वाढत गेला. म्हणजे इतकी वर्षे लोक मीठसुद्धा पोटभर खात नव्हते. १९२३ साली कायदेमंडळाने नाकारलेला कर व्हाइसरॉयने स्वतःच्या अधिकारात पुन्हा अडीच रुपयांवर नेला. वर्षभरात तो सव्वा रुपयावर मागे घ्यावा लागला. १९३० चा सत्याग्रह आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच साली २५ सप्टेंबरला आपल्या चिरनेरला जंगलाच्या कायद्यासाठी गोळ्या झाडल्या गेल्या. मिठाचा कर शेवटी गेला तो १९४७ साली.

आता मोह. मोहाच्या फुलांपासून दारू काढण्याच्या भट्ट्या उरणला होत्या. त्या बहुतेक पारशी मालकांच्या असून मुंबई शहरास त्यांतून दारूचा पुरवठा होई. १८७८ च्या कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून दारू सरकारच्या नजरेखालील मोठ्या भट्टीतच निघेल अशी तजवीज झाली आणि ताडामाडाच्या झाडांवरचा कर वाढला. भंडाऱ्यांचा धंदा त्याने मोडकळीस आला. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांपुरता खास कायदा करून मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध घातले. कातकऱ्याने रानात पडलेले फूल वेचले तर तो गुन्हेगार. तेच फूल उरणच्या भट्टीत शिजले तर तो महसूल. आम्ही दारूचे कैवारी नाही, चळवळीत तिने केलेली नासाडी आम्ही फार जवळून पाहिली आहे. पण येथे नीतीचा प्रश्न नव्हता, मक्त्याचा होता.

१९१९ च्या सुधारणांनी अबकारी प्रांतांकडे आली, आणि शिक्षणही प्रांतांकडेच आले. मुंबई प्रांताच्या उत्पन्नाचा सुमारे पाव हिस्सा त्या काळी दारूचा. परिणाम असा की बाप गुत्त्यात गेला तर पोराची शाळा चालावयाची. १९३७ साली काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा गांधीजींनी हीच गोष्ट बोलून दाखविली आणि दारूच्या पैशावाचून शाळा चालावी कशी, या विवंचनेतून स्वावलंबी शिक्षणाचा विचार पुढे रेटला. खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी केली. अर्थमंत्री होते अण्णासाहेब लठ्ठे. खड्डा भरून काढण्यास त्यांनी काय शोधले? शहरातील स्थावर मिळकतीवर दहा टक्के कर. आणि मोटारीच्या पेट्रोलवर विक्रीकर.

श्रोतेहो, येथे थोडे थांबू, कारण आजच्या अर्ध्या अंदाजपत्रकाचे बी येथे रुजले. प्रांताला पेट्रोलवर कर बसविता येतो काय, हा वाद आपल्याच नागपुरात उभा राहिला होता. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने १९३८ साली पेट्रोल आणि वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर कर बसविणारा कायदा केला. दिल्लीचे म्हणणे, हा उत्पादनकर आहे आणि उत्पादनकर आमचा. प्रकरण नव्यानेच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल दिला की उत्पादनावरचा कर निराळा आणि विक्रीवरचा निराळा. प्रांताचा कायदा वैध आहे. त्या दिवसापासून तेलाच्या एकाच थेंबावर दोन सरकारांचे दोन हात आले. एक कारखान्याच्या दारात, दुसरा पंपाच्या नळीपाशी. ते अजून तेथेच आहेत.

आणि दारू बंद झाली की तेलाकडे वळावे, ही लठ्ठ्यांच्या वेळची वाटही बुजलेली नाही. महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारूची दुकाने बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने पेट्रोलवरचा अधिभार लिटरमागे तीन रुपयांनी वाढविला. २०१५ च्या दुष्काळात जादा कर बसला तो पेट्रोल, डिझेल आणि मद्य यांवर. पुढे जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, बहुतेक विक्रीकर गेले. राज्यांच्या स्वतःच्या मुठीत मोठी अशी कलमे उरली दोनतीनच, त्यांत पेट्रोल-डिझेल आणि दारू. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी अधिक मिळतील असा अंदाज सांगितला गेला. प्रिचर्डसाहेबाची कचेरी गेली, पण जमावही तीच राहिली असे आम्हांस वाटते.

आता समुद्रातल्या तेलाकडे येऊ. रशियन तज्ज्ञांच्या साहाय्याने झालेल्या पाहण्यांनंतर फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने छिद्र पाडून मुंबईच्या समुद्रात तेल शोधले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचे भाव चौपट केलेले, परकीय चलनाची ओढाताण, अशा वेळी हे तेल म्हणजे घरात सापडलेला हंडाच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास देशाची तेलाची मोठी गरज घरच्या घरी भागू लागली होती. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, त्या सुमारास येथल्या तरुणांस वाटू लागले की आता आपले दिवस पालटणार.

दिवस पालटले ते दिल्लीचे. जमिनीतल्या तेलावर जे स्वामित्वधन मिळते ते त्या राज्याला जाते. गुजरातला अंकलेश्वरचे मिळते, आसामला तिथल्या विहिरींचे. पण घटनेच्या २९७ व्या कलमाप्रमाणे समुद्रतळाखालची संपत्ती केंद्राची. म्हणून उरणला किनाऱ्यास लागणाऱ्या तेलाच्या स्वामित्वधनातला रुपया महाराष्ट्राला हक्काने येत नाही, मग रायगडला कोठून यावा! शेजारच्या न्हावा-शेवा बंदराचेही तसेच. ते मे १९८९ मध्ये सुरू झाले. तेथे गोळा होणारे सीमाशुल्क केंद्राचे. याच परिसराच्या जमिनींसाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी पडले. आम्ही त्या वेळी शाळेत होतो. जासईच्या रस्त्याने घरी परतणारी माणसे काही बोलत नव्हती, एवढे आठवते.

कच्च्या तेलावर १९७४ च्या कायद्याने एक उपकर बसला. हेतू चांगला होता, तेल उद्योगाची वाढ करावी. १९८९ मध्ये तो टनामागे ९०० रुपये होता, २००२ मध्ये १,८००, २००६ मध्ये २,५००, २०१२ मध्ये ४,५००. २०१६ पासून किमतीच्या वीस टक्के. त्याची गंमत अशी की कर जमला तर त्यात राज्यांचा वाटा असतो, उपकरात नसतो. आणि ज्या कामासाठी तो घेतला त्या तेलविकास मंडळाकडे अलीकडच्या वर्षांत तो पोहोचविलाच गेला नाही, असा ठपका नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० साली ठेवला. कामगाराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कापून ते निधीत न भरणाऱ्या मालकास काय म्हणतात ते कामगार संघटनेत नव्याने आलेल्या पोरालाही ठाऊक असते.

तेलाच्या पैशावर जगणाऱ्या दुसऱ्या देशांची कथा पुष्कळांनी ऐकली आहे. तेलाचा भाव चढला की खजिना भरतो, मंत्री उदार होतात, नोकऱ्या निघतात, इतर शेतीभाती ओस पडते; भाव कोसळला, जसा १९८६ साली किंवा २०१४ नंतर कोसळला, की पगार थांबतात. व्हेनेझुएलाची अवस्था आपण वर्तमानपत्रांत वाचली. नॉर्वेने १९९० साली कायदा करून तेलाचे पैसे निराळ्या निधीत टाकावयाचे ठरविले आणि त्यातून दरसाल फक्त ठरावीक अंश खर्चावयाचा नियम केला. आपल्याकडे गोव्याच्या लोहखनिजाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तसा स्थायी निधी काढावयास लावला, तोही न्यायालयाच्या हुकुमाने. मुंबईच्या समुद्रातल्या तेलाचा असा एकही निधी कोणी बाजूस ठेवला नाही.

पण आपला रोग त्यांच्याहून निराळा आहे, आणि तो ध्यानात न घेतल्याने आमचे विद्वान मित्रही चुकतात. आपला देश तेल विकणारा नाही. ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. आपले सरकार तेलाच्या विहिरीवर जगत नाही, तेल जाळणाऱ्यावर जगते. म्हणून त्या देशांत भाव पडला की खजिना आटतो, आपल्याकडे भाव पडला की कर वाढतो. २०१४ च्या मध्यास केंद्राचे शुल्क पेट्रोलवर लिटरला ९ रुपये ४८ पैसे आणि डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे होते. जगात भाव कोसळले, येथे ग्राहकाला त्यातले थोडेच मिळाले. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, तेलाला जगात गिऱ्हाईक नव्हते तेव्हा, ते शुल्क अनुक्रमे ३२ रुपये ९८ पैसे आणि ३१ रुपये ८३ पैसे झाले. पेट्रोल-डिझेलच्या शुल्काची केंद्राची जमा २०१९-२० मध्ये १ लाख ७८ हजार कोटी होती, ती २०२०-२१ मध्ये ३ लाख ७२ हजार कोटी झाली. त्यातून सर्व राज्यांना मिळून वाटा गेला २० हजार कोटींहून कमी. कारण वाढ झाली ती बहुतेक उपकर आणि अधिभार यांत.

न्यायाने बोलावयाचे तर त्या वर्षी सरकारचे बाकी उत्पन्न बसले होते, फुकट धान्य द्यावयाचे होते, इस्पितळे चालवावयाची होती. पैसा कोठून तरी यावयास हवाच होता. आमचा प्रश्न एवढाच की तो याच खिशातून का? त्याच्या आठ महिने आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, कंपन्यांचा प्राप्तिकर तीस टक्क्यांवरून बावीसवर आणला होता आणि त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडावे लागतील असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते. दोन्ही आकडे एकाच वहीतले आहेत. टमटमवाला आणि कारखानदार लिटरमागे सारखाच कर भरतात. मिठाच्या वेळीही मणामागे सारखाच भरत.

या सवयीने अंदाजपत्रक लिहिणाऱ्याच्या बुद्धीलाही वाकण येते. जानेवारी २०१८ मध्ये सरकारी तेल महामंडळाने सरकारकडूनच हिंदुस्थान पेट्रोलियमचे ५१.११ टक्के भाग ३६,९१५ कोटींना विकत घेतले, आणि ती रक्कम निर्गुंतवणुकीच्या जमेत चढली. एका खिशातले दुसऱ्या खिशात, आणि वहीत उत्पन्न! आमच्या त्या वृद्ध कारकुनाने असा जमाखर्च पाहिला असता तर चष्मा काढून पुसला असता.

तेलाच्या जमेत आणखी एक कलम कधीच लिहिले जात नाही. २७ जुलै २००५ ला मुंबईच्या तेलक्षेत्रातील एका मंचाला आग लागून २२ माणसे गेली. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तेलक्षेत्रात कामगारांना ठेवलेली पी-३०५ नावाची तरंगती बार्ज बुडाली आणि सत्तरांहून अधिक माणसे बुडाली. त्यांतले बहुतेक कंत्राटी. कोणी वायरमन, कोणी वेल्डर, कोणी खानसामा. शुल्काचा दर पैशापर्यंत मोजणाऱ्या राज्यात कंत्राटी माणसाची मोजदाद मुकादमाच्या यादीवर सोडलेली असते. मिठागरांवरही चौकीच्या शिपायाचे नाव सरकारी दप्तरात असे आणि आगरात राबणाऱ्याचे नसे.

गेल्या हंगामात करंजाच्या धक्क्यावर एका तांडेलाने आम्हांस आपली वही दाखविली. यांत्रिक नौकांना लागणाऱ्या डिझेलवरचा राज्याचा कर सरकार परत देते. पण आधी पूर्ण भावाने डिझेल भरावयाचे, पावत्या सोसायटीत द्यावयाच्या आणि परताव्याची वाट पाहावयाची. वहीच्या डाव्या बाजूस लिटर आणि रुपये ओळीने लिहिलेले होते. उजव्या बाजूस परताव्याचा रकाना, त्यात कित्येक महिने काही नव्हते. त्याने विचारले, केंद्राचा कर किती, आणि तो परत मिळतो का? एप्रिल २०२५ मध्ये ठरलेला डिझेलचा दर लिटरमागे १७ रुपये ८० पैसे होता. तो परत मिळत नाही, असे आम्ही सांगितले. त्याने पेन्सिल मागून घेतली, वहीच्या मागच्या पानावर एका फेरीच्या डिझेलचा गुणाकार केला, आकडा दोनदा तपासला, आणि भरती लागत आली म्हणून वही गुंडाळून तो होडीकडे गेला.